नातवाचा धूप

धुपाच्या पाकिटावर झाडाचं चित्र असतं. खोडाला चीर दिलेली, तिच्यातून सोनेरी डिंकाचा थेंब ओघळतोय. पाकिटाच्या आत त्या झाडाचं काही म्हणजे काही नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती पाकिटं बरीच वर्षं मीच भरली आहेत. सिल्वासाजवळच्या खडोलीत आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर धूपकांडीचा कारखाना होता. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठी कसलीशी पूड आणि वरून निळ्या पिंपातलं सेंटचं तेल, एवढाच सगळा मालमसाला. ते तेल ओतताना मिक्सरवरचा माणूस तोंडाला रुमाल बांधायचा. आम्ही बायका शेजारच्याच शेडमध्ये ‘शुद्ध’ असं छापलेली लेबलं चिकटवायचो आणि दुपारी तिथेच बसून डबा खायचो. भाकरीलासुद्धा मोगऱ्याचा वास यायचा. मोगरा मला तेव्हापासून आवडत नाही.

खरा धूप कसा असतो ते मला माहीत होतं. माझं माहेर आणि सासर दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याचं, शहाद्याकडचं. तिथल्या डोंगरात सालईची झाडं आहेत. उन्हाळ्यात त्यांची साल कागदासारखी सुटून येते. पावरा लोक खोडावरची साल थोडी तासून ठेवतात, मग तिथून डिंक पाझरतो. आधी तो लोण्यासारखा मऊ असतो, पुढे वाळून त्याचे खडे होतात. आठवडे बाजारात पावरा बायका पळसाच्या पानावर ते खडे मांडून बसायच्या आणि माझी आई मीठ-मिरची देऊन बदल्यात धूप घ्यायची. टाचांना भेगा पडल्या की तो मेणात आणि तेलात कढवून मलम व्हायचं. गोठ्यात माश्या झाल्या की तिन्हीसांजेला निखाऱ्यावर चिमूटभर पडायचा. अंगात यायच्या आधी भगत तोच मागायचा. पूर्वी गावात साथ आली की घरोघर हाच जाळायचे, असं आई सांगायची. साथ त्यानं किती हटली ते देवालाच ठाऊक, पण ज्या घरात मढं पडून असायचं त्या घरात शेजाऱ्यांना निदान पाऊल टाकता यायचं.

आणि सगळ्यात मोठा मान बाळंतिणीच्या खोलीत. आमच्याकडे बाळाला न्हाऊमाखू घातलं की धुरी देतात. घमेल्यात निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकायची आणि शेवटी धूप. त्या धुरावर बाळाला दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवायचं. मग बाळंतीण बाजेवर झोपते आणि घमेलं बाजेखाली जातं. चांगला सव्वा महिना हे चालतं. त्यानं बाळाची छाती मोकळी राहते, हाडं भरतात, नजर लागत नाही, असं आमच्याकडची प्रत्येक म्हातारी सांगते. मीही ते खरं मानत होते. त्यात माझं काही जगावेगळं नव्हतं.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाई गावाहून आमच्याकडे खडोलीला राहायला आल्या. बरोबर पत्र्याची पेटी होती आणि पेटीत, लुगड्यांच्या खाली, घट्ट झाकणाचा एक पितळी डबा. आल्या त्याच दिवशी त्यांनी तो मला उघडून दाखवला. आत सालईचा धूप होता, निवडून निवडून घेतलेला, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसेल असा. एकही खडा काळा नाही, कुठे सालीचा तुकडा नाही. माझ्या नवऱ्याचं लग्न ठरलं तेव्हापासून त्या बाजारातून एकेक खडा पारखून घेत होत्या. ‘नातूसाठे,’ त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं. मी तेव्हा हसले. मला वाटलं, म्हातारी बोलण्याच्या ओघात नातू म्हणते, म्हणजे नातवंड.

मुलगी झाली.

सिल्वासाच्या दवाखान्यातून मी तिला घेऊन खोलीवर आले. पहिल्या न्हाणाच्या दिवशी सासूबाईंनी घमेल्यात निखारे घेतले, ओवा टाकला, शोपा टाकल्या आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, ‘तो फॅक्टरीना धूप आन रे.’ कारखान्यातून तुटक्या कांड्यांचा माल कामगारांना फुकट मिळायचा. नवऱ्यानं माझ्या वाटणीची पिशवी आणून ठेवली होती. सासूबाईंनी त्या काळ्या कांड्या हातानं चुरल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. खोलीभर मोगरा झाला.

मी बाजेवरून म्हणाले, ‘आत्याबाई, हा धूप नव्हे हो. मी बघते ना रोज, यात काय काय घालतात ते. पेटीतला काढा ना थोडा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘पोरगी शे ना. तिले काय, हाई चाली जाई. पेटीमातला नातूसाठे ठेयेल शे.’

नवरा दारात उभा होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याचा स्वभावच मूग गिळून बसण्याचा. मी बाजेवरून उठून पेटी उघडायला हवी होती असं आज कुणीही म्हणेल, पण ज्यांनी बाळंतपण काढलं आहे त्या म्हणणार नाहीत. टाके ओले होते, न्हाऊ-माखू त्यांच्या हातचं, जेवण त्यांच्या हातचं. मी गप्प पडून राहिले आणि माझी लेक त्या काळ्या धुरावर फिरत राहिली.

महिना भरायच्या आतच तिच्या छातीत घरघर सुरू झाली. दूध पितापिता थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, नखं निळी पडायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरात धूर करता का?’ सासूबाई म्हणाल्या, धुरी देतो, सगळेच देतात. डॉक्टर खूप चिडले आणि त्या दिवसापासून घमेलं बंद झालं. घरघर मात्र बंद झाली नाही. आधी औषधाची बाटली, मग वाफेचं मशीन, मग दम्याचा पंप. माझ्या लेकीच्या दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी कायम पंप असायचा.

ती रांगायला लागली त्या सुमारास सुरतेजवळ उधन्याला माझ्या धाकट्या दिराला मुलगा झाला. सासूबाईंनी त्याच दिवशी पेटी भरली. पाचवीच्या पूजेला आम्हीही गेलो. मी कडेवर लेक घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी होते तेव्हा त्यांनी तो डबा उघडला. एक खडा घेतला, बोटांनी चुरला, निखाऱ्यावर टाकला. पांढरा, हलका धूर वर गेला आणि सगळी खोली एकदम माझ्या माहेरच्या ओसरीसारखी झाली. लिंबाची साल आणि ओली माती आणि कुठूनतरी आलेला गोडसर वास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कडेवरची पोर त्या वासाकडे मान वळवून बघत होती. मी तिला घेऊन बाहेर अंगणात आले आणि रागानं रडले. दिराची बायको बिचारी चांगली आहे, तिला वाटलं मला माहेरची आठवण आली.

सासूबाईंनी धूप जपून वापरला. सव्वा महिना झाल्यावर डबा निम्म्याहून जास्त भरलेलाच परत आला. दुसऱ्या नातवासाठी.

दुसरा नातू कुणाकडेच झाला नाही. मला डॉक्टरांनी पुढे नको म्हणून सांगितलं, दिराला नंतर मुली झाल्या. डबा पेटीत राहिला, पेटी सासूबाईंच्या पलंगाखाली. आम्ही खडोली सोडून सिल्वासात एका बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा पेटी टेंपोत ठेवली नाही, त्यांनी ती रिक्षात आपल्या मांडीवर घेतली. मी धूपकांडीचा कारखाना सोडून दुसरीकडे पॅकिंगला लागले. लेक मोठी झाली. थंडीत कारखान्यांचा धूर खाली बसला की तिचं सुरू व्हायचं. शाळेच्या खेळांत ती कडेला बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास दवाखाना. प्रत्येक वेळी ती पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढायला लागली की मला तो पितळी डबा दिसायचा. माझी खात्रीच होती. तिला पेटीतला धूप मिळाला असता तर तिची छाती दिराच्या मुलासारखी झाली असती. त्याला कधी साधा खोकला झालेला मी पाहिला नाही.

मी सासूबाईंना हे तोंडावर सांगितलं, एकदा सोडून अनेकदा. त्या म्हणायच्या, ‘छाती तुन्हा माहेरनी शे.’ मग मी पातेली आपटायची. आमच्या घरात अनेक वर्षं याच विषयावर पातेली आपटली गेली. नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. सासूबाईंचं जेवणखाण, आंघोळ, दवाखाना मी सगळं केलं. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या तेव्हाही केलं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. पण प्रेमानं केलं असं कुणी म्हटलं तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करीन. प्रेमानं करायची ती माझी लेक. ऑफिसातून आली की पर्स टाकून थेट आजीच्या पलंगावर. तिला वरणभात भरवायची, नखं कापायची. मला ते बघून बरं वाटायचं नाही. जिनं तुझी छाती घालवली तिची नखं कसली कापतेस, असं मनात यायचं आणि एकदोनदा मी तसं बोललेही. लेक म्हणायची, ‘आई, जाऊ दे ना हवे.’ ती अशी मराठीत गुजराती घालून बोलते, ‘आता’ला ‘हवे’ म्हणते, इथलीच आहे.

सासूबाई गेल्या त्या मे महिन्यात, सकाळी, चहाच्या वेळी. दिराला फोन केला, तो उधन्याहून लगेच निघाला. पण सगळ्यांनी ठरवलं की नातू आल्याशिवाय उचलायचं नाही. तो बंगळूरला नोकरीला होता, विमानानं मुंबईला येऊन पुढे गाडीनं येणार होता. म्हणजे संध्याकाळ. मढं हॉलमध्ये, भोवती बर्फ, बाहेर ऊन असं की गॅलरीचे गज हात लावू देत नव्हते.  जन्मभर ज्याची वाट बघितली त्याचीच वाट बघत त्यांना शेवटचा दिवस काढायचा होता, तर काढू दे म्हटलं.

दुपारनंतर बर्फ वितळला तसा वास यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन धुपाचं पाकीट घेऊन आल्या. झाडाचं चित्र, सोनेरी थेंब, ‘शुद्ध’. मी हाताळलेलंच पाकीट होतं ते, फक्त रंग बदलला होता. बेननी भाबडेपणानं दोन कांड्या लावल्या. लेक आजीच्या उशाशी बसली होती, तिला लगेच ठसका लागला. मी कांड्या उचलल्या आणि मोरीत नेऊन नळाखाली धरल्या. बेनना वाईट वाटलं असेल.

तेव्हा नवरा म्हणाला, ‘मायना डबा काढ.’ एवढ्या वर्षांत त्या डब्याबद्दल तो पहिल्यांदाच तोंडातून काही बोलला होता. मी पेटी ओढली. लुगड्यांच्या खाली हात घातला. झाकण निघेना, चमच्याच्या टोकानं उचकटलं. आतले सगळे खडे इथल्या उन्हाळ्यांनी वितळून एकमेकांना चिकटले होते, त्यांचा एकच गोळा झाला होता. निवडून घेतलेला एकही खडा वेगळा राहिला नव्हता. मी घमेल्यात कोळसे पेटवले, बत्त्यानं एक कोपरा फोडला आणि निखाऱ्यावर टाकला.

तोच पांढरा धूर. तोच वास, जरासुद्धा कमी न झालेला. बसलेल्या बायकांपैकी एकीनं डोळे मिटले. मी प्रेताकडे बघत नव्हते. मी लेकीकडे बघत होते. मला एवढंच बघायचं होतं की ती या धुरात नीट श्वास घेते. ती नीट श्वास घेईल आणि मग सगळ्यांसमोर, त्या पडलेल्या बाईसमोर सिद्ध होईल की मी खरं बोलत होते.

ती खोकली. आधी एकदा, मग थांबेना. तोच खोकला, तसंच पुढे वाकणं, हात गुडघ्यांवर. ओढणीनं तोंड दाबून ती गॅलरीत गेली. मी तिचा पंप घेऊन मागे धावले.

तिनं पंप घेतला, गजाला पाठ लावून बसली. मी तिच्या शेजारी तापलेल्या फरशीवर बसले. मला काय वाटलं ते मी सांगते. मला फसवल्यासारखं वाटलं. खऱ्या धुपानंही ती खोकलीच होती. कदाचित तान्हेपणीही खोकली असती, कदाचित छाती खरंच माझ्या माहेरची असेल. इतकी वर्षं मी ज्या रागावर उभी होते त्याच्या खालची एक फरशी कुणीतरी काढून नेली होती. आणि तरीही राग होताच. तो छातीचा राग नव्हताच मुळी, हे मला तिथे बसून कळलं, आणि कळून काही हलकं वाटलं नाही.

श्वास बसल्यावर लेक म्हणाली, ‘हा वास मला माहीत आहे.’

‘कसा माहीत असेल? आपल्या घरात डबा तर कधी उघडला नाही.’

‘आजी उघडायची ना. तू कामावर गेलीस की. मी लहान होते तेव्हा. मला हुंगायला द्यायची. मग लगेच झाकण लावायची आणि म्हणायची, बस, बाकी तुन्हा भाऊले.’ ती थोडी हसली. ‘मी विचारायचे, माझा भाऊ कुठे आहे? ती म्हणायची, ई, म्हणजे येईल. मग मी दुपारभर त्या पेटीवर बसून राहायचे. मला वाटायचं, तो आला की डबा पूर्ण उघडेल.’

‘मला कधी बोलली नाहीस.’

‘तू चिडली असतीस.’ मग ती रडायला लागली, आजीसाठी. मला रडू आलं नाही. पेटीवर पाय हलवत बसलेली, दाराकडे बघणारी माझी लहान पोर माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी तिला खाली बेनच्या घरात बसवून आले, तिथे धूर नव्हता.

वर आले तर दीर आला होता. आईच्या पायांशी बसून तो खरं खरं रडला, मीही त्याला पाणी दिलं. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघरात आला. ओट्यावर डबा उघडाच होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि हळू आवाजात, अगदी आपुलकीनं म्हणाला, ‘वहिनी, उरेल धूप जपीसन ठेवा बरं. सूनले दिवस गयेल शेत. नातू व्हयना का कामे ई.’

त्याच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं. आई अजून हॉलमध्ये होती आणि डबा पुढच्या पोराच्या नावानं लागलासुद्धा होता. उद्या त्याच्या सुनेला मुलगी झाली तर तीही कुठल्यातरी पेटीवर बसून दाराकडे बघणार.

मी डबा घेतला, हॉलमध्ये गेले आणि घमेल्यावर उलटा केला. गोळा सुटेना, तेव्हा बुडावर बत्ता हाणला. अख्खा गोळा निखाऱ्यावर पडला. क्षणभर काहीच झालं नाही, मग तो बुडबुडायला लागला आणि असा धूर उठला की छत दिसेनासं झालं. बसलेल्या बायका उठल्या, पुरुष डोळे पुसत जिन्यात गेले. दीर दारातून ‘वहिनी, वहिनी’ करत होता. नवरा मात्र जागचा हलला नाही. तो भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी गळत, बसून राहिला. सासूबाईंच्या तोंडावरून धूर सरकत होता. मी म्हटलं, घ्या आत्याबाई, सगळा घ्या.

नातू दिवेलागणीला आला तोवर घमेल्यात काळा डाग उरला होता. त्यानं आजीला खांदा दिला, दमणगंगेच्या काठी अग्नी दिला, सगळं रीतसर झालं. दीर तेराव्यापर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. पुढे त्याच्या सुनेला मुलगी झाली. बारशाला गेले होते, गोड पोर आहे. धुरी कुणी दिली नाही, आताचे डॉक्टर देऊच देत नाहीत.

डबा मी चिंच लावून घासला. आता तो माझ्या ओट्यावर असतो, त्यात मी ओवा ठेवते. पण पितळेत काय मुरलंय कोण जाणे, झाकण काढलं की ओव्याच्या आधी तोच वास येतो. लेक ऑफिसातून आली की कधी कधी डबा उघडते, नाक आत घालते. धूर नसतो, खोकला नसतो. तिला हवा तेवढा वेळ ती हुंगत उभी राहते. मी पोळ्या लाटत असते. मी तिला बस म्हणत नाही.